पोरांनी मॅच मारली. आता त्यांना जोखायचं कसं?

जिंकलेल्या फुटबॉल मॅचनंतर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्या उतरेपर्यंत अठरा वर्षांचं पोरगं लोकांनी इंडिया टीममध्ये पोचवलेलं असतं. पुढच्या मॅचमध्ये त्याच्याकडून दोनदा बॉल सुटला की त्याच पायऱ्यांवर ‘संपला’ म्हणतात. आठ दिवसांत पोरगं एवढं बदलत नाही. तरुण खेळाडू जोखताना बहुतेक चाहते याच जागी चुकतात. आधी स्कोअर डोक्यात बसतो आणि मग त्याला साजेल तेवढंच आठवतं.

खाली दिलेली पद्धत मी तालमीच्या मॅचेसना (आमच्याकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) वापरतो आणि टीव्हीवर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, किंवा इंग्लिश लीग पाहतानाही. टप्प्यांचा क्रम बदलू नका. शेवटचा टप्पा आधी केला, म्हणजे आधी मत देऊन मग मॅच आठवत बसलात, तर बाकीची मेहनत वाया जाते.

उदाहरण म्हणून एकच विजय शेवटपर्यंत सोबत ठेवू. ऑगस्ट २०१८, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या ल’अल्कुदियाची कोटिफ स्पर्धा. कोच फ्लॉइड पिंटो यांच्या भारतीय २० वर्षांखालील संघानं अर्जेंटिनाच्या २० वर्षांखालील संघाला २–१ असं हरवलं, तेही उत्तरार्धाचा बराचसा भाग दहा जणांनी खेळून. समोरच्या बाकावर कोच म्हणून लिओनेल स्कालोनी होते, पुढं २०२२ चा विश्वचषक जिंकून देणारे. त्या रात्री आपल्यापैकी प्रत्येकानं कुणा ना कुणाला भावी स्टार ठरवलं होतं. त्याच स्पर्धेत याच संघानं मर्सियाकडून ०–२ आणि मॉरिटानियाकडून ०–३ असा मार खाल्ला होता आणि व्हेनेझुएलाशी ०–० बरोबरी केली होती. चारही मॅचेस त्याच पोरांच्या होत्या.

## टप्पा १ : मॅचच्या आधीची तयारी

१. खेळाडू आधी ठरवा. एका मॅचमध्ये एक, फार तर दोन. अकरा जणांवर मत देणाऱ्यानं खरं तर फक्त बॉल पाहिलेला असतो. नावं वहीत शिट्टी वाजण्याआधी लिहा. मॅच सुरू झाल्यावर निवडलीत, तर ज्यानं पहिला ड्रिबल मारला, म्हणजे बॉल पायाशी ठेवून कुणाला चकवलं, तोच तुमच्या वहीत जाणार.

२. जन्मतारीख शोधा आणि वय महिन्यांत मांडा. ‘अठरा वर्षांचा’ एवढं पुरत नाही. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक १ जानेवारी २००० नंतर जन्मलेल्यांसाठी होता. जानेवारी २००० मध्ये जन्मलेला मुलगा ऑक्टोबरमध्ये १७ वर्षे ९ महिन्यांचा होता. भारतासाठी त्या स्पर्धेतला एकमेव गोल करणारा जॅक्सन सिंग २१ जून २००१ चा, म्हणजे सव्वासोळा वर्षांचा. या वयात दीड वर्षाचा फरक म्हणजे उंची, खांदे, धाव, सगळंच वेगळं. वयोगटाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे जगभर दिसून आलं आहे. निवडणाऱ्यालाही आधी ताकदच दिसते. म्हणून वहीत वयाशेजारी एक शब्द टाका: ‘आधी वाढलेला’, ‘बरोबरीचा’ किंवा ‘अजून वाढायचा’.

३. जागेप्रमाणे तीन प्रश्न लिहून ठेवा. सेंटर बॅकसाठी (मधला बचावपटू) वेगळे, विंगरसाठी (कडेनं चढाई करणारा) वेगळे. नमुने दुसऱ्या टप्प्यात आहेत.

४. बसायची जागा. लांब बाजूच्या स्टँडमध्ये, जमेल तितकं उंच. गोलच्या मागं बसलात तर अंतरं कळत नाहीत. कोण किती वर चढला, कोण मागं राहिला हे सपाट दिसतं. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागं पळतो, त्यामुळे तुमचा खेळाडू अर्धा वेळ चौकटीबाहेर असतो. टीव्हीवरून लिहिलेल्या नोंदीवर तसं स्पष्ट लिहा.

> सावधान : पोरगं अंगानं दांडगं दिसलं म्हणून वयाबद्दल स्टँडमधून आरोप करू नका. वय पडताळण्यासाठी भारतीय फुटबॉल महासंघ हाडांच्या वयाची टीडब्ल्यू-३ चाचणी वापरतो, फिफा १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय करते. डोळ्यांना हे कळत नाही. सोळाव्या वर्षी दाढी येणारी मुलं खूप असतात.

तपासणी : शिट्टीआधी वहीत नाव, महिन्यांत वय, जागा आणि तीन प्रश्न आहेत का? नसतील तर आज मॅचचा आनंद घ्या आणि मत देऊ नका.

## टप्पा २ : मॅच चालू असताना

दर दहा मिनिटांपैकी पाच मिनिटं बॉल सोडून फक्त तुमच्या खेळाडूकडं पाहा. सुरुवातीला फार जड जातं. गोल चुकेल अशी भीती वाटते. गोल झालाच तर आवाजावरून कळतो आणि नंतर शंभर वेळा बघायला मिळतो. बॉल दूर असताना डावा बॅक कुठं उभा होता, हे मात्र पुन्हा कुणी दाखवत नाही. फुटबॉलपटू नव्वदपैकी जेमतेम दोन-तीन मिनिटं बॉल पायाशी घेऊन असतो. बाकीचा वेळ तो काय करतो, त्यावर त्याचं भवितव्य ठरतं.

१. मान. बॉल त्याच्याकडं यायच्या आधीच्या काही सेकंदांत तो खांद्यावरून मागं बघतो का, किती वेळा? नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी मिडफिल्डरच्या याच सवयीचा बारकाईनं अभ्यास केला. बॉल येण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला पाहणारे खेळाडू पास जास्त अचूक देतात, पुढच्या दिशेनं खेळायलाही धजतात. ही सवय ताकदीवर अवलंबून नसते, विरोधी संघ कमकुवत असला म्हणून फुगत नाही आणि मैदानात बसून सहज मोजता येते. मला विचाराल तर अठरा वर्षांच्या मिडफिल्डरबद्दल एकच गोष्ट लिहायची मुभा असेल, तर मी ही लिहीन.

२. अंग. बॉल घेताना तो पासरकडं सरळ तोंड करून उभा असतो की अर्धा वळलेला? अर्धा वळलेला असेल तर एका टचमध्ये पुढं तोंड होतं. सरळ उभा असेल तर बॉल आला तसा परत जातो. लोक त्याला ‘सेफ खेळतो’ म्हणतात, पण पुष्कळदा त्याच्याकडं दुसरा मार्गच उरलेला नसतो.

३. पहिला टच. बॉल पायाखाली मेला की पुढच्या कामाच्या जागी गेला? दबाव डावीकडून असताना टच उजवीकडं गेला का? मैदान उसळतं असेल तर तेही लिहा. वेडावाकडा उडणारा बॉल कुणाच्याही पायाखाली मरत नाही.

४. बॉल गेल्यानंतरची पाच सेकंदं. मागं धावला, वाट अडवली, की हात वर करून रेफ्रीकडं पाहत राहिला?

५. चुकीनंतरचे दोन टच. हे बहुतेक कुणी पाहत नाही. पास चुकल्यावर पुन्हा बॉल मागायला मोकळ्या जागेत येतो की मार्करच्या, म्हणजे त्याला अडवणाऱ्या विरोधी खेळाडूच्या, मागं लपतो? लपणं टीव्हीवर दिसत नाही, आकड्यांतही येत नाही. त्याच्या नावावर चूक नोंदली जात नाही आणि संघ मात्र दहा जणांनी खेळत असतो.

६. गोलनंतरची पाच मिनिटं. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं ८२व्या मिनिटाला हेडरनं बरोबरी साधली. स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. ८३व्या मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल मारला आणि मॅच १–२ गेली. वर्षभरानं अर्जेंटिनाविरुद्ध भारताचा दुसरा गोल ६८व्या मिनिटाला झाला आणि चार मिनिटांत एक गोल परत आला. तरुण संघांत हे वारंवार घडतं. म्हणून गोल झाला की उड्या मारा, पण लगेच बसा आणि पाहा: तुमचा खेळाडू जागेवर परत आला का? कुणाला ओरडून जागेवर ढकलतोय का? अठराव्या वर्षी दुसऱ्याला जागेवर आणणारं पोरगं क्वचित दिसतं. दिसलं तर ठळक अक्षरांत लिहा.

जागेप्रमाणे काय पाहायचं

सेंटर बॅकबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. घसरत जाऊन टॅकल मारला की स्टँड उठतो. बऱ्याचदा तो टॅकल आधी चुकलेल्या जागेची दुरुस्ती असते. टॅकल दिसला की मनातल्या मनात तीन सेकंद मागं जा: तो तिथं उशिरा का पोचला? स्ट्रायकरच्या फसव्या धावेमागं ओढला गेला, की फुल बॅकनं (कडेच्या बचावपटूनं) सोडलेली जागा भरायला आला? पहिलं असेल तर ती उणीव आहे, दुसरं असेल तर मोठा गुण आहे. बाहेरून टॅकल दोन्ही वेळा सारखाच दिसतो. शिवाय बॉल पलीकडच्या बाजूला असताना जोडीदारापासूनचं त्याचं अंतर पाहा, आणि बॉल मागं खेळला गेल्यावर तो बचावाची रेषा वर घेतो का ते पाहा.

विंगरचे ड्रिबल मोजू नका. ड्रिबलनंतर मान वर करून क्रॉस दिला का, एवढं मोजा. आणि आपला फुल बॅक वर गेल्यावर त्याची जागा कोण राखतो, तेही पाहा.

स्ट्रायकरच्या धावा मोजा, बॉल मिळो न मिळो. आठ वेळा बरोबर धावला आणि एकदाही पास आला नाही, तर ती मॅच त्याची वाईट नव्हती. गोलकीपरसाठी क्लीन शीट (एकही गोल न खाणं) हा पुरावा मानू नका. क्रॉसला बाहेर यायचा निर्णय आणि बॉल हातात आल्यावर तो किती लवकर, कुणाकडं देतो, एवढं पुरे.

> सावधान : खेळाडू मैदानात कधी आला ते मिनिट लिहा. ७५व्या मिनिटाला उतरलेल्या विंगरसमोर थकलेला फुल बॅक असतो, आणि संघ पुढं असेल तर समोरची रेषाही उघडी पडलेली असते. पंधरा मिनिटांतली ती चमक खरी असते, पण ती वेगळ्या रकान्यात लिहायची.

तपासणी : हाफ टाइमला वही उघडा. त्यात गोल, शॉट आणि ड्रिबलखेरीज काही नसेल, तर तुम्ही पुन्हा बॉलच पाहत होतात.

## टप्पा ३ : शिट्टीनंतर आधी विजय तपासा, मग खेळाडू

लोक हा टप्पा गाळतात आणि त्यामुळेच पुढचं सगळं चुकतं. खेळाडूबद्दल लिहिण्याआधी त्या विजयाचा पंचनामा करा:

- समोरचा संघ पूर्ण ताकदीचा होता का, की बाकावरची फळी उतरवली होती?
- आघाडी कितव्या मिनिटाला मिळाली? आघाडीनंतर आपण मागं बसलो का?
- गोल खुल्या खेळातून आले की कॉर्नर-फ्री किकवरून?
- कुणाला लाल कार्ड, दुखापत? त्यानंतर रचना काय झाली?
- ऊन, मैदान, दोन दिवसांत दुसरी मॅच?
- तुमच्या खेळाडूशेजारी कोण अनुभवी होता, आणि त्यानं तुमच्या खेळाडूच्या चुका किती वेळा झाकून घेतल्या?

आता कोटिफच्या मॅचला हे लावून पाहू. पहिला गोल चौथ्या मिनिटाला, कॉर्नरवर दीपक टांगरीचा हेडर. दुसरा अन्वर अलीची फ्री किक. म्हणजे दोन्ही गोल थांबलेल्या बॉलवर. जवळपास सगळी मॅच आघाडीत गेली आणि उत्तरार्धाचा मोठा भाग दहा जणांनी बचाव केला. या मॅचमधून बचाव करणाऱ्यांबद्दल भरपूर पुरावा मिळतो: दबावाखाली रेषा कशी धरली, हवेतले बॉल कुणी जिंकले, दमल्यावर अंतरं किती वाढली. पुढच्या फळीबद्दल जवळजवळ काहीच नाही. अर्जेंटिनाला हरवलं म्हणून आपले स्ट्रायकर आंतरराष्ट्रीय दर्जाचे, असं त्या रात्री लिहिणाऱ्यांनी त्या मॅचकडं नसलेला पुरावा मागितला होता.

लाल कार्ड मिळालं होतं आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला. त्याच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकली: ‘आपलं पोरगं, रेफ्रीनं मारलं’ आणि ‘याला डोकं नाही’. दोन्ही वहीबाहेरची. लाल कार्डावरून फक्त त्या प्रसंगातल्या निर्णयाची नोंद होते, आणि उरलेल्या वेळेसाठी तो खेळाडू ‘न पाहिलेला’ असतो. सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला हा मुलगा पुढं आयएसएलमध्येही खेळला. एका कार्डावर त्याची फाइल बंद केली असती तर चूक आपली ठरली असती.

> सावधान : आपल्या गल्लीचा, आपल्या तालमीचा, आपल्या जिल्ह्याचा खेळाडू असेल तर वहीच्या कोपऱ्यात ‘आपला’ असं लिहून ठेवा. मला स्वतःला हे लिहावं लागतं. लिहिल्यानं माया कमी होत नाही, पण सहा महिन्यांनी ती नोंद वाचताना किती वजन द्यायचं ते कळतं.

तपासणी : ‘या मॅचमधून माझ्या खेळाडूबद्दल काय कळू शकतच नाही?’ या प्रश्नाला किमान दोन उत्तरं लिहिता आली पाहिजेत.

## टप्पा ४ : दोन दिवसांनी पुन्हा पाहा

त्याच रात्री पुन्हा पाहू नका. जल्लोष अंगात असताना बघितलेली दुसरी फेरी पहिलीचीच नक्कल होते. दोन दिवस जाऊ द्या.

१. आवाज बंद करा. समालोचकाला कुणाचं तरी नाव घ्यायचंच असतं. तो एकाच पोराचं नाव वीस वेळा घेतो आणि तेच पोरगं वीस वेळा चांगलं खेळलं असं वाटायला लागतं.

२. हायलाइट्सवरून नोंद करू नका. हायलाइट्समध्ये प्रत्येक विंगर चांगला असतो. क्लिप पाहून मत बनवणं म्हणजे पंगतीत फक्त श्रीखंड चाखून स्वयंपाकावर बोलणं.

३. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे निवडा. सुरुवातीचा, हाफ टाइमआधीचा, मॅचला वळण लागलं तिथला आणि शेवटचा. तुकडे आधी ठरवा, मग बघा. आवडलेले प्रसंग शोधत फिरू नका.

४. एकच मोजणी करा. विरोधी खेळाडू दोन-तीन पावलांवर असताना त्यानं किती वेळा बॉल घेतला? त्यातले पुढं किती, आडवे किती, मागं किती, गमावले किती? चार उभ्या रकान्यांत रेघा मारत जा. ‘दोन-तीन पावलं’ ही व्याख्या सगळ्या मॅचेसना तीच ठेवा. आज सैल, उद्या कडक असं केलंत तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

रेकॉर्डिंग नसेल, तालमीच्या मॅचेसचं बऱ्याचदा पूर्ण मिळत नाही, तर हीच मोजणी पुढच्या मॅचला मैदानात करा. स्मरणातून रकाने भरू नका.

एक चूक माझीही इथं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सेमीफायनलनंतर एका मिडफिल्डरबद्दल मी मित्रांना ठामपणे सांगितलं होतं की हा पोरगा खेळ चालवतो. दोन दिवसांनी रकाने भरले. दबावाखाली घेतलेल्या बॉलपैकी पुढं गेलेले अगदी थोडे, बाकी सगळे आडवे आणि मागं. त्यानं खूप वेळा बॉलला पाय लावला होता, म्हणून तो मला सगळीकडं दिसला. खेळ चालवत होता त्याच्या मागचा अनुभवी खेळाडू. पासची टक्केवारीही अशीच फसवते. आडवे पास चुकत नाहीत, म्हणून टक्केवारी छान येते.

तपासणी : दुसऱ्या फेरीत पहिल्या दिवसाचं किमान एक मत बदललं का? एकही बदललं नसेल तर एक तुकडा पुन्हा बघा.

## टप्पा ५ : कार्ड लिहा

दहापैकी गुण देऊ नका. ‘साडेसात’ म्हणजे काय, हे पुढच्या महिन्यात तुम्हालाच आठवणार नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार-पाच ओळी पुरतात. हा एक नमुना, काल्पनिक खेळाडूचा:

*डावा बॅक. वय १८ वर्षे ४ महिने, अजून वाढायचा. पूर्ण ९० मिनिटं, मैदानात बसून पाहिलं. विजय २–०, आघाडी ५५व्या मिनिटापासून, समोरचा उजवा विंगर बदली संघातला.*

*दिसलं : बॉल येण्याआधी मागं बघतो. चुकल्यावर पुन्हा बॉल मागितला, दोनदा. विंगर आत वळला की योग्य वेळी सोडून देतो.*

*दिसलं नाही : खरोखर वेगवान विंगरसमोर मागं धावणं. मागच्या खांबावरचे उंच क्रॉस. उजवा पाय.*

*शंका : ७० मिनिटांनंतर वर जाणं बंद; दमला की कोचनं थांबवलं?*

*पुढं पाहायचं : वेगवान विंगर असलेल्या संघाविरुद्ध, आणि आपण ०–१ नं मागं असताना.*

‘दिसलं नाही’ हा रकाना ‘वाईट’ नसतो. नव्या लोकांची इथं हमखास गल्लत होते. उजव्या पायावर बॉलच आला नसेल तर ‘उजवा पाय कच्चा’ असं लिहायचं नाही. आणि ‘शंका’ प्रश्नाच्या रूपातच ठेवा. कोचनं काय सांगितलं होतं ते आपल्याला स्टँडमध्ये ऐकू येत नाही.

> सावधान : ‘जिद्दी’, ‘आळशी’, ‘गर्विष्ठ’ असे शब्द कार्डावर नकोत. दिसलेली कृती लिहा. ‘बॉल गेल्यावर चार वेळा उभा राहिला’ हे तपासता येतं, ‘आळशी’ तपासता येत नाही.

## टप्पा ६ : पुढच्या मॅचेस

किमान पाच मॅचेस सुरुवातीपासून, म्हणजे साधारण ४५० मिनिटं, पाहिल्याशिवाय ‘हा तयार आहे’ किंवा ‘याच्यात दम नाही’ असं म्हणू नका. त्या पाचांत एक हरलेली, एक आपल्यापेक्षा तगड्या संघाविरुद्धची आणि एक खराब मैदानावरची असावी. खेळाडू खरा कसा आहे, हे जिंकलेल्या मॅचपेक्षा हरलेल्या मॅचमधल्या त्याच्या वागण्यावरून जास्त कळतं.

पाच का, याची दोन उदाहरणं एकाच क्लबची, मँचेस्टर युनायटेडची देतो. ५ एप्रिल २००९ ला ओल्ड ट्रॅफर्डवर सतरा वर्षांच्या फेदेरिको माकेदानं बदली म्हणून उतरून अॅस्टन व्हिलाविरुद्ध भरपाई वेळेत वळून असा गोल मारला की युनायटेड ३–२ नं जिंकलं. लीगच्या पुढच्याच मॅचमध्ये संडरलँडविरुद्धही गोल. त्या दोन आठवड्यांत त्याच्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातलं फारसं काही युनायटेडमध्ये खरं झालं नाही. २५ फेब्रुवारी २०१६ ला अँथनी मार्शियाल मॅचआधीच्या वॉर्म-अपमध्ये दुखावला म्हणून अठरा वर्षांच्या मार्कस रॅशफर्डला मिट्युलँडविरुद्ध संधी मिळाली. दोन गोल. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध पुन्हा दोन. तो पुढं वर्षानुवर्षं युनायटेडच्या पुढच्या फळीत राहिला. पहिल्या दोन मॅचेसच्या स्कोअरशीटवरून या दोघांतला फरक कुणालाच सांगता आला नसता.

लिव्हरपूलचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. २५ फेब्रुवारी २०२४ च्या लीग कप फायनलमध्ये कोच क्लॉप यांनी चेल्सीविरुद्ध बॉबी क्लार्क, जेम्स मॅककॉनेल, जेडन डॅन्स यांना बदली म्हणून उतरवलं. कॉनर ब्रॅडली सुरुवातीपासून होता. ११८व्या मिनिटाला व्हॅन डाइकचा हेडर, १–० आणि कप. सगळ्या पोरांना एकाच माळेत ओवलं गेलं. पण ब्रॅडलीमागं बोल्टनकडून तिसऱ्या श्रेणीतला अख्खा हंगाम उभा होता, दर आठवड्याला मोठ्या माणसांशी धक्के खात काढलेला. बाकीच्यांकडं वरिष्ठ फुटबॉलची थोडकीच मिनिटं होती. ब्रॅडली पहिल्या संघात टिकला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अॅनफिल्डवर एम्बापेला त्यानं घातलेला टॅकल सगळ्यांनी पाहिला. क्लार्क काही महिन्यांतच साल्झबर्गला गेला. म्हणून कार्डावर एक ओळ वाढवा: आजपर्यंत वरिष्ठ संघाकडून एकूण मिनिटं. कोल्हापुरात असाल तर ‘केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमध्ये सुरुवातीपासून किती मॅचेस’ असं लिहा. माझ्या अनुभवात जिंकलेल्या मॅचच्या गोलपेक्षा या ओळीतून जास्त कळतं.

उलट बाजूही लक्षात असू द्या. २०१३ मध्ये लेस्टरकडं उसनवार असताना हॅरी केन, पुढं इंग्लंडचा कप्तान झालेला, बऱ्याचदा बाकावर बसला होता. त्या वेळी कार्ड लिहिणाऱ्यानं ‘शंका’ लिहिली असती तर चाललं असतं. ‘संपला’ लिहिलं असतं तर नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याच वहीत येत नाहीत. अर्जेंटिनाविरुद्ध ती फ्री किक मारणाऱ्या अन्वर अलीला साधारण वर्षभरानं हृदयाचा आजार असल्याचं निघालं. त्याला खेळू द्यायचं की नाही, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो परत आला, एफसी गोवाकडून आयएसएल खेळला आणि भारताच्या वरिष्ठ संघात पोचला. त्या रात्री त्याला मोठा खेळाडू म्हणणाऱ्यांचं म्हणणं शेवटी बरोबर निघालं. मधली ती वर्षं मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हती.

तपासणी : पाच कार्डं शेजारी ठेवा. ‘दिसलं’ रकान्यातली कुठली ओळ किमान तीन कार्डांवर आहे? तेवढीच त्याची सवय माना. एकदाच आलेली ओळ कितीही सुंदर असली तरी बाजूला ठेवा.

## टप्पा ७ : मत मांडताना

मत जाहीर बोलणार असाल, स्टँडमध्ये किंवा मोबाइलवर, तर थोडे नियम पाळा.

वय अठराच्या खाली असेल तर त्याच्या चुकीची क्लिप पसरवू नका. मोठ्या खेळाडूचं नाव चिकटवू नका. ‘छोटा मेस्सी’ म्हटल्यावर पोराची पुढची प्रत्येक मॅच त्या नावाशी मोजली जाते. खेळाडूबद्दल बोलताना भूमिका जोडा: ‘चांगला आहे’ म्हणण्याऐवजी ‘आघाडी राखायच्या शेवटच्या वीस मिनिटांत डावीकडं उपयोगी आहे’ असं म्हणा. ऐकणाऱ्याला ते पटवता येतं, खोडूनही काढता येतं. आणि शाहू स्टेडियममध्ये बोलताना एवढं ध्यानात ठेवा की तुमच्या मागच्या ओळीत बऱ्याचदा त्याचे वडील किंवा मामा बसलेले असतात.

मग कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख टाका, आजपासून सहा महिन्यांची. आमच्याकडं हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत चालतो, म्हणून मी एक कार्ड सुरुवातीला आणि एक शेवटी लिहितो. तारीख आली की जुनं कार्ड काढा, नवीन मॅच पाहा आणि वेगळ्या रंगाच्या पेनानं खाली लिहा. जुनी ओळ चुकीची निघाली तरी खोडू नका. तिच्यासमोर फक्त ती कुठल्या मॅचवरून लिहिली होती ते नोंदवा.